शनिवारची दुपार

"शनिवारी जेवणानंतर काही ठरवू नकोस," हाउके पुन्हा म्हणाला. "ती दुपार माझी."

वेरेना टेबलावर ब्रेमेनचा नकाशा पसरून बसली होती. त्या शनिवारी हाउकेचा तिसावा वाढदिवस. ब्रेमेन त्याचं मूळ गाव, आणि तिथे तिघांची छोटीशी सहल. हाउके शुक्रवारी ऑफिसातून परस्पर जाणार होता, जुन्या मित्रांना भेटायला. ती आणि त्यांची लेक फिने शनिवारी सकाळच्या गाडीने. हॉटेल कॅथेड्रलला लागूनच हवं, असं त्यानेच सांगितलं होतं. तिने ते शोधलं. लिफ्टमध्ये बाबागाडी मावते का, खिडक्यांना कड्या आहेत का, सगळं फोन करून विचारलं. फिने अडीच वर्षांची होती आणि कशावरही चढायची.

"दुपारी करायचं काय पण?"

"कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं राहायचं. चांगले कपडे घालून. पुढचं विचारू नकोस."

तो शीळ घालत आंघोळीला गेला. वेरेनाने नकाशावर कॅथेड्रल शोधलं. बोट तिथेच राहू दिलं.

फिनेच्या जन्माआधीपासून दोघं कासेलमध्ये एकत्र राहत होती. लग्नाचा विषय तिनेच काढायचा. "तिशी तर होऊ दे, मग बघू," असं म्हणून तो बाजूला सारायचा. पोरीला त्याचं आडनाव, वेरेनाला तिचं स्वतःचं. डॉक्टरांकडे दर वेळी कुणीतरी विचारायचं, तुम्ही आईच ना? बाम्बेर्गहून तिच्या आईचा रविवारी फोन यायचा. आई हवापाणी विचारायची आणि मग गप्प व्हायची. त्या गप्प होण्याचीच वेरेनाला धास्ती होती.

पण हल्ली हाउकेचं वागणं बदललं होतं. मुलीसाठी कधी मोजाही न आणणाऱ्या माणसाने पांढरा फ्रॉक आणला होता, लेस लावलेला. रोज संध्याकाळी तो बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर बसायचा आणि गाल पुढे करायचा. "पापी कोण देणार?" फिने धावत यायची. तो टाळ्या वाजवायचा. "आणि खूप माणसं असली तर? लाजायचं नाही हं." वेरेना दारातून बघत राहायची. मग एका दुपारी तिने स्वतःसाठी फिकट निळा ड्रेस घेतला, फ्रॉकशेजारी शोभेल असा. आईला न राहवून सांगितलंच. "ब्रेमेनहून फोन करते. या वेळी सांगण्यासारखं असेल काहीतरी."

आई या वेळी गप्प झाली नाही. "फोनपाशीच बसते," म्हणाली.

गुरुवारी हाउके बॅग आणायला तळघरात गेला होता, तेव्हा त्याच्या बहिणीचा फोन आला.

"जवळचं हॉटेल मिळालं ना? झकास. झाडू आम्ही आणतोय," आंत्ये म्हणाली.

"झाडू कशाला?"

"अगं, सांगितलं नाही त्याने? गाढव आहे नुसता. पुरुष तिशीला बिनलग्नाचा असला ना, की त्याने कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडायच्या. आमच्याकडची पद्धतच आहे. पोरांनी वर्षभर बिअरच्या बाटल्यांची झाकणं जमवलीत, पोतं भरून. तो झाडणार, आम्ही पुन्हा ओतणार. आमच्या बाबांना नाही मिळालं झाडायला, आई आधीच गळ्यात पडली. हाउके लहानपणापासून म्हणतोय, मी नाही चुकवणार. बघ, टिकलाच की नाही?"

वेरेनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग थांबायचं कधी?"

"कुणी कुमारी येऊन पापी देईल तेव्हा. तू काही त्यात बसत नाहीस आता, बाई." आंत्ये खळखळून हसली. "म्हणून तर फिनेची तालीम चाललीय."

हाउके बॅग घेऊन वर आला. तिच्या चेहऱ्याकडे आणि हातातल्या फोनकडे बघून त्याला कळलं.

"आंत्येने फोडलं वाटतं. चिडलीस?"

"नाही." ती बॅगेवरची धूळ पुसू लागली. "पण समजा, पापी द्यायला कुणी आलंच नाही, तर?"

"तर झाडत बसायचं, दुसरं काय. लोक हसतात, अंधार पडतो, आपण आपले झाडतोय." तो मजेत होता. "मला नाही चिंता. माझी पोरगी आहे ना."

"फ्रॉक तुझ्याच बॅगेत ठेवते," ती म्हणाली. "माझ्या बॅगेत चुरगळेल."

"शहाणी गं माझी."

तिने फ्रॉकची लेस सरळ केली, नीट घडी घातली आणि त्याच्या शर्टांवर ठेवून दिली. निळा ड्रेस पिशवीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला.

शनिवारी सकाळी कासेलच्या स्टेशनवर ब्रेमेनच्या गाडीआधी दक्षिणेकडची, बाम्बेर्गच्या बाजूची गाडी आली. वेरेना बाबागाडी उचलून आत चढली. डबा रिकामा होता. बाम्बेर्गला दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येणार होतं. आईला तिने काही कळवलं नव्हतं.

गाडी सुटली तशी फिने सीटवर उभी राहिली आणि काचेला ओठ लावून म्हणाली, "पपाला पापी?"

वेरेनाने तिला खाली बसवलं.

"झाडू दे त्याला," ती म्हणाली.