डाव्या बुटाचं टोक

"आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना? मग कळवून टाक, आमच्या शहरात येते म्हणून," आत्या म्हणाली आणि दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीत ऐसपैस बसली. म्हणजे होकार घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती.

भाची समोर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती. उजव्या पायात बूट, डाव्या पायात नुसता मोजा. डावा बूट बाबांच्या हातात होता. बाबा बूट शिवायचे. लेकीच्या डाव्या बुटाला ते लहानपणापासून दोन बोटं जाड सोल लावायचे, कारण तिचा तो पाय जन्मापासून तेवढाच आखूड होता.

परदेशातल्या दोन शहरांनी तिला प्रवेश देऊ केला होता. एक आत्याचं. आत्या तिथे वीस वर्षं राहत होती. शहर तळहातासारखं सपाट. कॉलेजात लिफ्ट, आत्याचं घर तळमजल्यावर, दाराशी ट्राम. दुसरं शहर डोंगराच्या उतारावर. तिथे वसतिगृह वर, कॉलेज खाली आणि मध्ये दोनशे चौदा पायऱ्या. आत्या एकदा तिथे फिरायला गेली होती. माहेरी आल्यापासून त्या पायऱ्यांचं पुराण तिने चार वेळा लावलं होतं.

"मला धाप लागली तिथे. माझ्यासारख्या धडधाकट बाईला. तू कशी चढणार?"

"हळूहळू."

"आणि पडलीस म्हणजे?"

"पडेन की. तुझ्या ट्राममधून उतरतानाही पडेन. आत्या, मला दरडी का कोसळतात ते शिकायचंय. सपाट गावात दरडी कोसळत नाहीत."

"जिभेला काही हाड?" आत्या भावाकडे वळली. "तू बोल ना काहीतरी. मघापासून गुळणी धरून बसलायस."

बाबा फडक्याने बूट पुसत राहिले. ते काय बोलणार हे पोरीला पाठ होतं. जन्मभर त्यांनी एकच शब्द तिच्या कानीकपाळी ओरडला होता: जपून. जिन्यात जपून. फरशी ओली आहे, जपून. शाळेच्या सहलीत डोंगर असला तर सहलच नको. त्या शब्दाचा तिला मनापासून वीट आला होता. आज तो शब्द निघाला, तर एका बुटावर लंगडत घरी जायचं आणि डोंगरावरच्या शहराला होकार कळवून मोकळं व्हायचं, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

बाबांनी बूट उलटा करून बहिणीच्या मांडीवर ठेवला.

"वाच," ते म्हणाले.

भाऊ-बहीण याच दुकानात वाढले होते. त्यांच्या वडिलांनी दोघांना मुळाक्षरांच्या आधी सोल वाचायला शिकवलं होतं. गिऱ्हाईक बूट ठेवून गेलं की पोरांनी सांगायचं, हा दिवसभर उभा असतो, ही कायम घाईत असते, याच्या एका खांद्यावर ओझं असतं. आत्या नेहमी पैज जिंकायची. अजून तिला त्याचा तोरा होता.

"कुणाचा आहे ते विसर. नुसतं वाच."

आत्याने बूट उजेडात धरला. टाचेवरून अंगठा फिरवला, मग पुढे नेला.

"टाच जशीच्या तशी. टोक मात्र पार गेलंय." तिने टोक पुन्हा चाचपलं. "हे सपाटीवरचं चालणं नाही. हा चढणारा पाय आहे. रोजचा."

पोरीचे कान तापले. सहा महिने ती रोज सकाळी 'वाचनालयात जाते' असं सांगून गावामागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढत होती. दोनदा गुडघे फोडून घेतले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. बूट दुरुस्तीला मात्र गुमान बाबांच्याच हातात देत आली. सोल वाचणाऱ्याच्या घरात जन्मून एवढं साधं कळू नये, याची तिला आता लाज वाटली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"वाचनालय तळमजल्यावर आहे," बाबा म्हणाले. "आणि हे टोक मी तिसऱ्यांदा बदलतोय."

आत्या बूट उलटसुलट करत राहिली. तिला भावाचा राग आला होता, भाचीचा त्याहून जास्त. पण जे वाचलं ते वाचलं. ते खोटं पाडायचं तर आयुष्यभर जिंकलेल्या सगळ्या पैजा परत द्याव्या लागल्या असत्या.

बाबांनी फळीवरून नवा सोल काढला. रापीची धार अंगठ्यावर पाहिली आणि लेकीला विचारलं, "तिथल्या पायऱ्या लाकडी आहेत की दगडी?"

पोरीला काय ठाऊक? ती तिथे कधी गेलीच नव्हती.

"दगडी," आत्या म्हणाली आणि बूट भावाच्या पुढ्यात सरकवला. "आणि बारा महिने ओल्या. खाचा खोल पाड."