पोराचा जबाब

"बंदूक कुठं होती, बाळ?" फौजदारबाईंनी विचारलं.

"देवापुढं."

"मग तू काय केलंस?"

वीरधवलनं मान वळवून आईकडं पाहिलं. शिवांजली त्याच्या पाठीशीच बसली होती, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून. वर्दी बघून सहा वर्षांचं पोर बिचकू नये म्हणून फौजदारबाई साध्या साडीत आल्या होत्या.

"चाप ओढला," तो म्हणाला. "खेळायला."

शिवांजलीनं डोळे मिटून घेतले.

"मी त्याच्याशी जरा एकट्यानं बोलू का?"

"नाही बसणार तो, मॅडम. माझ्याशिवाय घास घेत नाही."

खरं तर तीच त्याला सोडत नव्हती. शाळेत पाठवलं नव्हतं, अंगणात जाऊ दिलं नव्हतं. भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी त्याला जवळ ओढून "काय झालं रं?" म्हटलं, की हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. लेकराचं मन ते. कोण काय विचारील आणि त्याच्या तोंडून काय निघेल, त्याचा नेम नव्हता.

बंदूक अमृतची, तिच्या नवऱ्याची. हवालदार म्हणून सैन्यातून परत आल्यावर त्यानं परवाना काढला आणि पलूसच्या एका बँकेत रखवालीला लागला. कामावरून आला की बंदूक कपाटात आणि किल्ली कमरेला. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, ती कोयत्या-विळ्यांच्या रांगेत घटापुढं मांडली जायची. एकदा मांडली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हलवायची नाही. आणि मांडायची ती भरलेलीच. रिकामं हत्यार पुजलं तर घरात लढणारा उरत नाही, असं या घरात म्हणत.

"घरात लहान मूल असताना?" फौजदारबाईंनी शिवांजलीकडं रोखून पाहिलं. "तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोलली की!" तिची सासू लीलाबाई मध्येच म्हणाली. "लय बोलली. बीएस्सी हाय ती, कराडला शिकल्याली. म्हणली, आत्या, काडतुसं तरी काढायला लावा, न्हाईतर कपाटात ठिवा. मीच म्हणले, तुज्या कॉलेजात देव शिकवत न्हाईत. माजी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

"आवाज झाला तेव्हा कोण कुठं होतं?"

"मी गोठ्यात. अमृत भाईर, पूजंसाठी गाडी धूत व्हता. ही चुलीपाशी. आमी पळत आलो तर साळूची नात सोनिया उंबऱ्यात पडल्याली. आजीनं झेंडू देऊन धाडली व्हती तिला. बंदूक फरशीवर. आन हिनं पोराला पोटाशी धरल्यालं. थराथरा कापत व्हतं लेकरू, पाय वलं. भ्यानं मुतलं असंल. मी बघितलं आन वरडले, पोरानं घात केला गं!"

"तुम्ही स्वयंपाकघरात होतात?"

"कुकर लावला होता," शिवांजली म्हणाली.

फौजदारबाईंनी लिहून घेतलं.

सोनियाची आजी साळूबाई मघापासून दारात उभी होती. तीन दिवसांत तिचा आवाज पार बसला होता.

"झालं लिवून? आता कुणाला नेताय?"

"आजी, सात वर्षांच्या आतल्या मुलाचा कायद्यात गुन्हाच होत नाही."

"मग बापाला न्या. आईला न्या. ज्याचं पोर, त्यानं निस्तरायचं."

"पोराच्या चुकीपायी बापाला बेड्या?" लीलाबाई उसळली. "ही कुठली रीत गं, साळू?"

"बंदूक काय पोरानं इकत आणली व्हय? भरली कुणी? घरात पोर हाय म्हाईत असून मांडली कुणी? तुज्या घराची पूजा झाली, लीला. माजं घर रिकामं झालं."

इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला अमृत पुढं आला.

"मावशी बरोबर बोलत्यात, मॅडम. मी फौजेतला माणूस. भरलेली बंदूक अशी ठेवायची नसती, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. मला आत टाका. हिला सोडा. ही बिचारी सांगत व्हती."

शिवांजलीचे ओठ हलले. तिनं पोराला आणखी जवळ ओढलं. घरातलं एक माणूस तरी पोरापाशी राहायला हवं, हे ती तीन दिवस स्वतःला समजावत होती. आत्ताही तिनं तेच समजावलं.

अमृत लेकापुढं उकिडवा बसला. त्याच्या केसांतून हात फिरवला.

"मोठा झालास की लोक तुला काय काय म्हणतील. कुणाचं ऐकायचं न्हाई. तुजी चूक न्हाई गड्या, माजी हाय. ध्यानात ठेवशील?"

वीरधवलनं मान हलवली. मग पुन्हा आईकडं पाहिलं.

"पुरे," शिवांजली घाईनं म्हणाली. "आधीच घाबरलाय तो."

अमृत उठला. दारात त्यानं साळूबाईपुढं हात जोडले. तिनं तोंड फिरवलं. जीप पाणंदीतून हायवेच्या दिशेनं गेली. लीलाबाई ओट्यावर बसून हंबरडा फोडत होती आणि शेजारच्या बाया तिला धरत होत्या.

शिवांजलीनं पोराला उचलून आतल्या खोलीत नेलं. दाराला कडी घातली. त्याला मांडीवर घेतलं, तेव्हा कुठं तिचा बांध फुटला. वीरधवलनं आपल्या इवल्या तळव्यांनी तिचे डोळे पुसले, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि हळूच विचारलं, "आई, तू बंदूक कपाटात ठेवायला उचललीस तवा मी न्हाणीत व्हतो, ते बाबांना पण सांगायचं न्हाई ना?"