अंदाज बंद

नेल्सन डाबरे बोलताना अडखळत असे, पण ऋजुताच्या कानात तो कधीच अडखळत नसे. त्याने ‘द’ उच्चारला, की तिच्या हेडसेटमध्ये त्याच्याच आवाजात ‘दरवाजा’ असं स्वच्छ उमटायचं. आवाज पोचायला लागणारा वेळ वाचवण्यासाठी नवे हेडसेट पुढचा शब्द ओळखून आधीच ऐकवत.

पुण्यातल्या व्हिडिओ गेम स्पर्धेत दोघं एकाच संघातून खेळत होती; अंतिम सामन्यात तो अंदाज चुकला. ‘दरवाजा’ ऐकून ऋजुता दाराकडे वळली आणि मारली गेली. सामना बरोबरीत आला.

मध्यंतरात नेल्सनने हेडसेट काढला. “मी द... दक्षिण म्हणत होतो. अंदाज बंद कर.”

“मग तुझा शब्द उशिरा पोचेल.”

“पोचू दे. पण म... माझा असेल.”

ऋजुताने अंदाज बंद केला.

शेवटच्या डावात शत्रूची पावलं जवळ येत होती आणि तिच्या कानात नुसतं “प... प...” चाललं होतं. पूल, पायऱ्या, पळ. तिला सगळं सुचत होतं. तरी ती जागची हलली नाही.

“पाण्यात,” नेल्सन म्हणाला.

तिने उडी मारली. शत्रू पुलावर तिची वाट पाहत बसले आणि तिने त्यांना मागून गाठलं. सामना त्यांनी जिंकला.

बक्षीस देताना निवेदकाने नेल्सनला नाव विचारलं. “न... ने...” ऐकताच निवेदक स्वतःच त्याचं नाव सांगायला निघाला. ऋजुताने हात वर करून त्याला थांबवलं.

भरलेलं सभागृह त्याच्यासाठी थांबलं. नेल्सनने आपलं पूर्ण नाव सावकाश सांगितलं.