लवंगीची बरणी

मुलांनो, समजा, तुम्ही तेजूच्या शेजारी ओव्हनसमोर उभे आहात. आत मीटलोफ भाजतोय: खिमा, अंडी, चुरलेले मक्याचे चिप्स आणि वर टोमॅटोचा सॉस. टेक्सासमध्ये वाढलेली नवी काकू सासरी पहिल्यांदाच स्वयंपाक करतेय. सकाळी तिनं तेजूकडे सौम्य तिखट मागितलं होतं. लाडका काका हिनं पळवला, या रागात तेजूनं ब्याडगीऐवजी लवंगी मिरचीची बरणी पुढे केली. काकूनं चमचे भरभरून घातले. कच्चा खिमा चाखायचा कसा?

ओव्हनची घंटा वाजली. सगळे जेवायला बसले.

“बघू गं, टेक्सासवाल्यांना तिखट कळतं का!” आत्या हसली. काकूनं मान खाली घालून मीटलोफ कापला.

पण पहिला तुकडा तिनं तेजूच्या ताटात वाढला. “हा माझ्या मदतनीसाला. काही बिघडलं असेल तर मला बोला, हिला नाही हं.”

आजोबांनी घास उचलला.

“आजोबा, थांबा!” तेजू ओरडली. तिनं दह्याचं पातेलं आणून मध्ये ठेवलं आणि काकूचा हात धरला. “बरणी मी मुद्दाम बदलली, काकू.”