विधवेच्या घरातली ओल

“तिने दाराला आतून कडी घातली,” जावई वाचत होता. “गुप्तहेर तिच्या अगदी जवळ आला. पावसाचं पाणी अजूनही तिच्या…”

इथे त्याची गाडी अडली. पाणी पुढे जिथून जिथून ओघळत होतं, त्या जागांची नावं सासूबाईंसमोर घेण्यासारखी नव्हती.

“तिच्या?” सासूबाईंनी विचारलं.

“तिच्या भिंतीवरून ओघळत होतं,” जावई म्हणाला. “गुप्तहेराने भिंतीला हात लावून पाहिला. पार ओल धरली होती.”

सासूबाई आरामखुर्चीत मान मागे टाकून ऐकत होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याच्यावर पट्टी. दुसरा डोळा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी आठवडाभर वाचायला सक्त मनाई केली होती. मुलगी ऑफिसच्या कामासाठी परगावी गेलेली, त्यामुळे सेवेची पाळी जावयावर आली. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी चाचपडत कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. “वाचून दाखवा,” एवढंच म्हणाल्या. मुखपृष्ठावर लाल ओठ होते आणि त्यांच्या शेजारी पिस्तूल.

जावयाला घाम फुटला होता. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर तो अजून खुर्चीच्या कडेवरच बसायचा. गळक्या गच्च्या आणि ओल धरलेल्या भिंती दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आपण त्यांच्या तोलाचे नाही, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. निदान या आठवड्यात तरी आपल्याबद्दल त्यांचं मत बरं व्हावं, अशी त्याला फार आस होती. आणि नेमकं हे पुस्तक पदरात पडलं.

पुस्तक तसं झकास होतं, हे त्यालाही कबूल करावं लागलं. कारखानदाराचा खून, त्याची देखणी विधवा, कर्जात बुडालेला गुप्तहेर, आणि प्रत्येक माणूस दुसऱ्याशी गोड हसत खोटं बोलणारा. एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नव्हतं. फक्त दर दहा-बारा पानांनी गुप्तहेर आणि विधवा एका खोलीत सापडत आणि जावई संकटात सापडे.

अडचणीत माणसाला आपला धंदाच आठवतो. पहिल्या भेटीत गुप्तहेराने विधवेच्या भिंतीची ओल पाहिली. दुसऱ्या भेटीत प्लास्टर खरवडलं. तिसऱ्या भेटीत मूळ पुस्तकातल्या दिव्याने लाजून स्वतःला मालवून घेतलं होतं. जावयाने तो पुन्हा लावला आणि गुप्तहेराला वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पाठवून फरशीच्या फटी बुजवायला लावल्या. विधवा त्याच्या हातात थापी देत होती आणि डोळे भरून त्याच्याकडे पाहत होती. एवढं पाहणं चालण्यासारखं होतं.

“बाई सोशिक आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“हो ना. बिल्डरने फसवलंय तिला,” जावई म्हणाला. आता त्यालाही रंग चढला होता. गुप्तहेराने विधवेला नुसता वरवरचा रंग मारून ओल लपवणाऱ्या लोकांबद्दल चार खडे बोल सुनावले. सासूबाईंना जोराचा खोकला आला. जावयाने धावत जाऊन पाणी आणलं.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं प्रकरण आलं. मेलेल्या कारखानदाराच्या खिशात पोलिसांना एक फोटो सापडला होता, कुणा बाईच्या पाठीचा. खांद्याच्या खाली भाजल्याचा डाग, आणि फोटोमागे कारखानदाराच्याच अक्षरात, ‘ही मला मारणार.’ गुप्तहेर उठून उभा राहिला आणि म्हणाला, “खुनी ती विधवाच आहे. हा डाग मी पाहिलाय.”

“कधी पाहिला?” सासूबाईंनी विचारलं.

जावई मागची पानं भराभर उलटू लागला.

“सगळा वेळ तर तो भिंतीच बघत होता. तिची पाठ कधी बघितली त्याने?”

जावयाने खूप डोकं चालवलं. बाथरूममधून उतरताना, थापी घेताना, कुठेच पाठ उघडी पडेना. चार दिवस चढवलेला इमला एका डागापायी जमीनदोस्त झाला होता. आपण एका शिक्षिकेला, तेही डोळ्याला पट्टी असताना, चार दिवस फसवत होतो. आता त्या काय म्हणतील?

त्याने पुस्तक मिटलं. “आई, माफ करा. मी पानं गाळली. ओल, प्लास्टर, बाथरूम, यातलं काहीच पुस्तकात नाही. ते सगळं मी मनाने रचलं.”

सासूबाई हसू लागल्या. इतक्या हसल्या की पट्टी सांभाळायला त्यांनी डोळ्यावर हात धरला. त्यांना असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “हे पुस्तक मी तीनदा वाचलंय.”

“मग मला का वाचायला लावलंत?”

“माझी लेक सांगत असते, तुम्ही घरी बोलायला लागलात की हसून हसून पोट दुखतं. माझ्यासमोर मात्र आठ वर्षांत तुमचं ‘हो आई’च्या पुढे गेलं नाही. म्हणून कपाटातलं सगळ्यात चावट पुस्तक शोधून काढलं. म्हटलं, हे काही यांना जसंच्या तसं वाचता येणार नाही. आता तरी स्वतःचं काहीतरी बोलतील.”