बघून सांग

"ही गोळी दोन नंबरच्या आजींना दे," सिस्टर व्हास्काने ट्रे पुढे केला.

रालित्साने ट्रे घेतला नाही. आजींचं मनगट धरून तिने मिनिटभर नाडी मोजली. "अठ्ठेचाळीस आहे. हृदयाची ही गोळी दिली तर आणखी उतरेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही."

व्हास्काने गोळी परत डबीत टाकली. "कळलं एकदाचं! गेल्या वर्षी एवढं कळलं असतं तर परत इथे यावं लागलं नसतं, मिग्लेना."

"रालित्सा."

"तेच ते."

विदिनच्या त्या इस्पितळात व्हास्का बत्तीस वर्षं होती. वॉर्ड तिचा, आणि नर्सिंगच्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्याच हातात. गेल्या वर्षी तिने रालित्साला नापास केलं होतं. यंदा तिची सही मिळाली नाही तर कॉलेजातून नावच कटणार होतं. तीन वर्षं पाण्यात.

"यंदा नवीनच छळ काढलाय बयेने," मुली म्हणायच्या. "मुद्दाम चुकीचं औषध पुढे करते आणि कोण पकडतंय ते बघते."

सकाळी हजेरीलाच तोफखाना सुरू व्हायचा. "आज तारीख काय? वार? चार नंबरला कोण आहे? रात्री त्याला काय दिलं?" एखादी छताकडे बघून आठवायला लागली की व्हास्का कडाडायची, "आठवून सांगू नकोस, बघून सांग! डोक्यावर भरवसा ठेवशील तर माणूस मारशील."

ड्यूटी लावताना ती रालित्सालाच आपल्याबरोबर घ्यायची. "हिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही," सगळ्यांसमोर म्हणायची. "मला हीच हवी." बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. रालित्सा मनातल्या मनात शिव्या घालायची. व्हास्काने हातावर मीठ ठेवलं असतं तरी तिने ते चाखूनच घेतलं असतं.

व्हास्काच्या मनगटावरच्या दोऱ्याचीही मुली टर उडवायच्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे एक मार्चला बांधलेला लाल-पांढरा दोरा वसंतातला पहिला करकोचा दिसला की काढायचा आणि मोहरलेल्या फांदीला अडकवायचा. सगळ्या वॉर्डाचे दोरे कधीच गेले होते. व्हास्काचा मात्र मळून करडा झाला तरी हातावरच. "चेटकिणीला करकोचाही तोंड दाखवत नाही," मुली म्हणायच्या.

परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा जून अर्धा सरला होता. चार नंबरचे आजोबा नाश्त्याची बानित्सा खात होते. दहा मिनिटांपूर्वीच व्हास्काने त्यांना इन्सुलिन टोचलं होतं. आता ती पुन्हा भरलेली सिरिंज घेऊन आली, त्यांचा सदरा वर केला आणि सुई टेकवली.

रालित्साने तिचं मनगट घट्ट धरलं. "दिलंय! मघाशीच दिलंय तुम्ही!"

"सोड हात."

"तक्ता बघा. तुमचीच सही आहे."

"भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा," आजोबा तोंडातला घास आवरत म्हणाले.

व्हास्काने तक्ता बघितला. पुन्हा एकदा बघितला. मग सिरिंज कचऱ्यात टाकून ती आपल्या खोलीकडे निघाली. रालित्सा तिच्या मागोमाग आत शिरली.

"ही कसली परीक्षा? सुई टेकली होती त्यांना! मी पाणी प्यायला गेले असते तर? जिवंत माणसावर असले खेळ करता? मी वर तक्रार करणार आहे!"

"पण पकडलंस ना?" व्हास्का खुर्चीत बसली. तिच्या कपाळावर घाम होता. "पास." तिने रालित्साची गुणपत्रिका ओढली, सहापैकी सहा गुण लिहिले, सही केली आणि कागद पुढे सरकवला. "तारीख तू घाल."

जिच्यासाठी दोन वर्षं झुरली ती सही समोर होती. पण रालित्साला आता नुसती सही पुरणार नव्हती. तिने पेन घेतलं नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरला पाठ टेकून, ते झाकून उभी राहिली.

"रोज सकाळी आमचा जीव खाता. आज तुम्ही सांगा, सिस्टर. तारीख काय?"

व्हास्काने मान वाकडी करून तिच्या मागे बघायचा प्रयत्न केला.

"जाऊ दे. निदान महिना तरी? आणि आठवून नको. बघून सांगा!"

उघड्या खिडकीसमोर, इस्पितळाच्या धुराड्यावर, उडायला आलेली करकोच्यांची पिल्लं चोची वाजवत होती. व्हास्काने कागदाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग तिची नजर स्वतःच्या मनगटावर गेली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"मार्च," ती म्हणाली. "करकोचे अजून यायचेत."