पाचवं गाणं

“परत मिक्सिंग? तुझा अल्बम आहे का बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट?” ताटं वाढता वाढता ऋतिका भावावर करवादली.

माझ्या लेकाचा, सौरभचा, रॅपचा अल्बम गेली सहा वर्षं ‘येतोय’. पोस्टर झालं, चार तारखा झाल्या, त्याच्या मागून आलेल्यांचे अल्बम येऊन जुनेसुद्धा झाले. मरोळ नाक्यावरची पोरं आता त्याला ‘कमिंग सून’ म्हणूनच हाक मारतात. वास्तविक आठही गाणी तयार आहेत, आमच्या याच खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केलेली. घोडं अडतं ते पाचव्यापाशी. ते ठेवलं तर घरात काय होईल आणि काढलं तर अल्बममध्ये उरेल काय, हे मला, ऋतिकाला आणि त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आम्ही तिघं बिचाऱ्या मिक्सिंगला नावं ठेवायचो.

“बास ना यार, पुढच्या महिन्यात नक्की,” म्हणत सौरभ अर्ध्या ताटावरून उठायला लागला.

“बस खाली,” त्याचे बाबा भाकरी मोडत, मान वर न करता म्हणाले. “पाचवं माझ्यावरचं आहे, म्हणून अडलंय ना?”

सौरभ परत ताटावर बसला.



“अरे, दहा बाय बाराची खोली ही. तू ते रेकॉर्ड करत होतास तेव्हा मी पिऊन पडलो होतो, बहिरा झालो नव्हतो. येऊ दे ते बाहेर. दुसऱ्याच दिवशी दारू सोडली, ती काय तुझ्या आईच्या संकष्ट्यांनी?”